हळदीचे कर्क्युमिन: काचपात्रात आणि रक्तात

हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळे काढले गेले. त्याची रचना ठरायला १९१० साल उजाडले. दोन फिनॉल वलये आणि त्यांना सांधणारी सात कार्बनांची साखळी, असा हा रेणू. काचपात्रातल्या कर्करोगपेशींवर त्याचा परिणाम ठळक दिसतो: दाहाशी निगडित एनएफ-कप्पा-बी हा संकेतमार्ग दबतो, वाढ थांबते, पेशी मरू लागतात. त्यासाठी बहुधा ५ ते ५० मायक्रोमोलर तीव्रता लागते.

रुग्णाच्या रक्तात एवढे कर्क्युमिन पोहोचत नाही, आणि सारी अडचण इथेच आहे. आतड्यात ते फार थोडे शोषले जाते. शोषले गेलेल्याला आतड्याचे अस्तर आणि यकृत लगेच ग्लुकुरोनाइड व सल्फेट जोडतात. पीएच ७.२ च्या बफरमध्ये, शरीराच्या तापमानाला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात स्वादुपिंडाच्या प्रगत कर्करोगात रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तातली पातळी ०.१ मायक्रोमोलरच्या आसपासच राहिली. मूल्यमापन झालेल्या २१ रुग्णांपैकी दोघांत परिणाम दिसला. त्यांतल्या एकाची गाठ आकसली, पण थोडाच काळ.

काचपात्रातले निष्कर्षही जपूनच वाचावे लागतात. कर्क्युमिन स्वतः प्रकाश फेकते आणि अनेक प्रथिनांशी अभिक्रिया करते, त्यामुळे चाचणी खोटा होकार देऊ शकते.

शोषण वाढवण्यासाठी कॅप्सूलमध्ये मिऱ्यातले पिपरीन घालतात. पण पिपरीन औषधांचे चयापचय करणाऱ्या विकरांनाही अडवते. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या रुग्णांनी अशी जोड घेतली तेव्हा एंडॉक्सिफेन या त्याच्या सक्रिय रूपाची पातळी घटली, असे २०१९ च्या एका डच अभ्यासात आढळले. ग्रीन टीमधले ईजीसीजी हे फिनॉल तर बोर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधातल्या बोरॉनलाच जखडते. उंदरांमध्ये त्यामुळे औषध निष्प्रभ ठरले.

कर्क्युमिनसारख्या रेणूंच्या फिनॉलिक कुळाला खरे यश मिळाले ते रेणू बदलल्यावर. हिमालयातल्या पोडोफायलमच्या मुळांतले पोडोफायलोटॉक्सिन पोटात घेण्याजोगे नव्हते. त्याला शर्करा जोडून आणि एक मिथाइल गट काढून एटोपोसाइड बनले. मूळ रेणू ट्युब्युलिनवर काम करत असे, नवा टोपोआयसोमरेज-२ वर करू लागला. १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध वृषणाच्या आणि फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात आजही वापरात आहे.

फोडणीतल्या चिमूटभर हळदीची इथे चिंता नाही. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन जेमतेम २ ते ५ टक्के असते. कॅप्सूलचे तसे नाही. हळद घरचीच, म्हणून रुग्ण तिला औषधांत धरतच नाही. केमोथेरपीपूर्वीच्या नोंदीत कॅप्सूल, तिची मात्रा आणि पिपरीन यांची विचारपूस नाव घेऊन करावी लागते.