वाचनाशेजारी मूळ अक्षर हवेच

सासऱ्यांच्या ट्रंकेत मोडी हिशेबाच्या चार वह्या निघाल्या. तंजावरच्या आमच्या घरात मराठी आजही बोलली जाते, पण मुले ती तमिळ लिपीत लिहितात. मोडी वाचणारी घरात मी एकटी. म्हणून एक्सेलमध्ये यादी करायला घेतली: वही, पान, तिथी, देवनागरी वाचन, तमिळ अर्थ आणि त्या ओळीचा फोटो.

फोटो मी नेहमीच्या पद्धतीने शीटवर आणून रकान्यात नीट बसवले होते. एका संध्याकाळी यादी तिथीनुसार लावली. नोंदी हलल्या, फोटो मात्र भलतीकडेच राहिले. तांदळाच्या खरेदीशेजारी मुंजीच्या खर्चाची ओळ आली. सगळे पुन्हा जुळवताना वह्या पहिल्या पानापासून उलगडाव्या लागल्या, आणि त्यांचे कागद आता फार हाताळण्यासारखे नाहीत.

असे फोटो सेलवर तरंगत असतात, सेलच्या आत नसतात. नव्या एक्सेलमध्ये 'पिक्चर्स'खाली 'प्लेस इन सेल' आहे, गूगल शीट्समध्येही सेलच्या आत चित्र घालता येते. मग चित्र नोंदीबरोबर हलते, फिल्टर लावला तरी तिच्यासोबतच राहते.

एवढा आटापिटा कशाला, वाचन टंकले की झाले, असे अनेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दही सुटे लिहिलेले नसतात. वाचणारा वाचता वाचता ठरवत जातो. 'ध'चा 'मा' व्हायला दर वेळी कारस्थान लागत नाही, थकलेले डोळे पुरतात. एका ओळीत मी 'दिनास दोन पणम' वाचले आणि मजुरीच्या खात्यात टाकले. पुण्यात मोडीचा वर्ग केलेल्या माझ्या भाचीने यादी उघडली, फोटो मोठा करून पाहिला आणि फोन केला, "मावशी, वरच्या ओळीत संक्रांत आहे. हे 'दीनास' असेल, दान आहे ते." तिचे बरोबर होते. फोटो नसता तर तिला माझ्या शब्दावरच विसंबावे लागले असते.

आमच्या गावाला ही शिस्त नवी नाही. सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवल्या, त्यांबरोबर आजारी डोळ्यांची रंगीत चित्रे काढून घेतली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. वर्णन कितीही चांगले असले तरी पुढच्या वैद्याला डोळा स्वतः पाहता आला पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण मला आज नीट कळते.

महाराष्ट्रात कितीतरी घरांत, देवस्थानांत अशी बाडे आहेत आणि त्यांच्या याद्या होत आहेत. त्या करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. प्रत्येक वाचनाशेजारी, सेलच्या आत, मूळ ओळीचा फोटो ठेवा, वरची आणि खालची ओळ धरून. फाइल जड होते हे खरे. म्हणून सेलमध्ये लहान चित्र घाला आणि मोठा फोटो वही-पानाच्या क्रमांकाने वेगळा जपा. चित्राऐवजी नुसता दुवा देऊ नका, तो तुटला की हाती काहीच उरत नाही.

माझ्या यादीत त्या नोंदीपुढे आता दोन वाचने आहेत, आधीचे माझे आणि नंतरचे भाचीचे. माझे मी पुसलेले नाही. तिसरा कोणी वाचेल, त्याच्यासाठी फोटो शेजारीच आहे.