शब्द निसटू लागतात तेव्हा

दादीजानना चाळणी हवी असते, पण त्या म्हणतात, "ते पीठ गाळायचं दे." आपण हसतो, वय झालं म्हणतो. बहुतेकदा ते खरेही असते. पण शब्द न सापडणे महिन्यागणिक वाढत गेले आणि घरचा रस्ता, पैशांचा हिशेब, नमाजाची वेळ मात्र पक्की राहिली, तर ते केवळ म्हातारपण नव्हे. मेंदूचा भाषा सांभाळणारा भाग आधी झिजू लागतो, असा एक आजार आहे. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ मार्सेल मेसुलम यांनी 1982 मध्ये त्याचे वर्णन केले. आज त्याला प्रायमरी प्रोग्रेसिव्ह अफेजिया म्हणतात. लकव्याने वाचा एका दिवसात जाते. इथे ती हळूहळू जाते. कुणाला शब्द ओठांवर येऊन अडतो, कुणाला शब्दाचा अर्थच कळेनासा होतो, कुणाचे वाक्य तुटते.

घरात यावरून गैरसमज होतात. "दुआ तर न अडखळता म्हणतात, मग आमच्याशीच का बोलत नाहीत?" अशी तक्रार होते. पाठ असलेली सूरह किंवा एक ते दहा अंक बरेचदा शाबूत राहतात, कारण तिथे शब्द शोधावा लागत नाही. संवादात तो दर वेळी शोधावा लागतो. हे नाटक नाही, हट्टही नाही.

झीज थांबवणारे औषध अजून नाही. स्पीच थेरपीने मात्र रोजचे शब्द जास्त काळ टिकवता येतात. तिला आता सौम्य विजेची जोड देऊन पाहिली जात आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे तुकडे डोक्याला लावून साधारण वीस मिनिटे एक ते दोन मिलीअँपिअर करंट सोडतात. टॉर्चचा लहान बल्बही याहून कितीतरी जास्त करंट घेतो. हा 'शॉक' नव्हे. थोडी खाज किंवा मुंग्या जाणवतात. त्याच वेळी रुग्ण शब्दांचा सराव करतो. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात किराना त्साप्किनी यांच्या गटाने 36 रुग्णांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. सरावातले शब्द खरा करंट मिळालेल्यांचेही सुधारले आणि नुसता देखावा केलेल्यांचेही. पण खरा करंट मिळालेल्यांची सुधारणा दोन महिन्यांनंतरही टिकली आणि न शिकवलेल्या शब्दांतही थोडी दिसली. म्हणजे मूळ काम सरावाचे; वीज त्याला हातभार लावते.

रोजचा उपचार म्हटले की अंतर आड येते. कार्ल्याहून मळवली स्टेशन गाठायचे, तिथून लोकलने पुणे, आणि तसेच परत. थकलेल्या माणसाला हे रोज कसे झेपावे? म्हणूनच हा उपचार घरी देण्याची पद्धत आली. घरच्या एकाला शिकवतात, तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवर पाहतात आणि त्यांनी दिलेल्या कोडशिवाय यंत्र चालू होत नाही. ऑनलाइन मिळणारे यंत्र आणून स्वतःच प्रयोग करणे वेगळे. डोक्यात धातूचा तुकडा असेल किंवा फिट येत असतील, तर त्यात धोका आहे. असे यंत्र घेऊ नका.

आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा, मग वाचातज्ज्ञांकडे जा. पुण्यात भारती विद्यापीठाचे वाचा-श्रवण महाविद्यालय आहे. मुंबईत वांद्र्याला महाराष्ट्राचे माजी राज्यपाल नवाब अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून काम करते. तिथे गेल्यावर घरात कोणती भाषा बोलता ते नक्की सांगा. आपल्याकडे अम्मीशी उर्दूत आणि बाजारात मराठीत बोलणे चालते. गोंधळ होईल म्हणून एक भाषा बंद करण्याची घाई करू नका. हैदराबादेत 648 डिमेन्शिया रुग्णांच्या 2013 च्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांना आजार साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले.

घरचे काम यंत्राविनाही आजच सुरू होते. नातवंडांचे, स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे, औषधांचे फोटो वहीत चिकटवा, खाली नाव लिहा. रोज दहाच शब्द घ्या. मोठ्यांची परीक्षा घेऊ नका. शब्द अडला तर थांबा, पहिले अक्षर सुचवा, तरी नाही आला तर प्रेमाने सांगून टाका. आणि आवाज स्पष्ट आहे तोवर त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. उपचार पुढे कितीही सुधारोत, शब्द शिल्लक असतानाच ते सांभाळता येतात.