गुण येईपर्यंत धीर
आमच्या एका शिक्षकबंधूंनी नैराश्यावरील गोळ्या दहाव्या दिवशी आपण होऊन सोडल्या. ‘गुण नाहीच, मळमळ मात्र पदरी!’ तक्रार रास्त, उपाय घातक. १९५० च्या दशकातील इमिप्रामिनच्या वर्गातील औषधांनी तोंडास कोरड, बद्धकोष्ठता, गुंगी संभवते. १९८० च्या दशकात आलेल्या फ्लुओक्सेटिनच्या वर्गाने मळमळ, निद्रानाश, कामेच्छेत घट. पण वाचकहो, त्रास आधी जाणवतो. गुण बहुधा दोन ते चार आठवड्यांनी. गोळी एकाएकी सोडल्यास चक्कर येऊ शकते, दुखणे उलटू शकते. तरुण रुग्णाच्या मनात आरंभी आत्मघाताचे विचार बळावले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अन्य त्रासही निःसंकोच सांगावेत. मात्रा उतरविता येते, गोळी बदलता येते. आमचे बंधू पुन्हा डॉक्टरांकडे गेले. आज फळ्यापाशी उभे आहेत.