बेहालाचा गिटारवादक आणि तीन तबकड्यांचा वारसा

कोलकाता शहराच्या दक्षिणेकडील बेहाला हा भाग मराठी वाचकांना प्रामुख्याने क्रिकेटपटू सौरव गांगुली यांच्यामुळे परिचित आहे. बंगाली रॉक संगीताचा पाया घालणारे गिटारवादक गौतम चट्टोपाध्याय यांचा जन्मही याच बेहालातला. त्यांनी स्थापन केलेल्या ‘महीनेर घोडागुली’ या संचाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये निघाली. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील स्वामित्वहक्काची मुदत साठ वर्षांची असल्याने २०३७ अखेर ते ध्वनिमुद्रण सर्वांसाठी खुले होईल. ज्या संगीताला स्वतःच्या काळात श्रोता लाभला नाही आणि ज्याची लोकप्रियता पुढे इतरांच्या आवाजातून वाढली, त्याच्या कर्त्यांना कायद्याने नेमके काय दिले, हा प्रश्न त्या निमित्ताने तपासण्यासारखा आहे.

चट्टोपाध्याय यांची जडणघडण सरळ रेषेत झालेली नाही. बेहालाहून कुटुंब नाकतला येथे स्थायिक झाले. प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकत असताना ते पार्क स्ट्रीटवरील हॉटेलांत पाश्चात्त्य संगीत वाजवीत. नंतर ते नक्षलवादी चळवळीकडे ओढले गेले, त्यांना अटक झाली आणि सुटकेनंतर काही काळ त्यांना मध्य प्रदेशात काढावा लागला. कोलकात्याला परतल्यावर १९७५ मध्ये भाऊ, नातलग आणि मित्र मिळून सात जणांचा संच उभा राहिला. संचाचे नाव जीवनानंद दास यांच्या एका कवितेतून घेतलेले. त्याचा अर्थ ‘महीनचे घोडे’.

या संचात मुख्य गिटार चट्टोपाध्याय यांची होती. सॅक्सोफोनही तेच वाजवीत. सोबत बासरी, पियानो, ड्रम आणि अब्राहम मजुमदार यांचे व्हायोलिन. (बंगालीत व्हायोलिनलाही ‘बेहाला’च म्हणतात, हा निव्वळ योगायोग.) पाश्चात्त्य वाद्यमेळ बंगालीत आणणारे ते काही पहिलेच नव्हेत, चित्रपटसंगीतात तो आधीपासून होता. वेगळेपण होते ते गिटारच्या स्थानात. चित्रपटगीतात ती गायकाच्या मागे साथीला उभी असे. येथे गीत, चाल, गायन आणि वादन एकाच गटाचे असल्याने गिटार गाण्याचा सांगाडाच ठरवीत असे. त्या सांगाड्यावर बाउलांची लय आणि जॅझचे स्वरमेळ यांचे कलम केले गेले. गाण्याचे विषयही महानगराचे, त्यातील एकाकीपणाचे आणि अस्वस्थतेचे होते.

ध्वनिमुद्रणे मात्र मोजकीच झाली. १९७७ मध्ये ‘संविग्न पाखिकुल ओ कोलकाता विषयक’, १९७८ मध्ये ‘अजाना उडन्त बस्तु बा अ-उ-ब’ आणि १९७९ मध्ये ‘दृश्यमान महीनेर घोडागुली’. या तीन छोट्या तबकड्यांवर पहिल्या पर्वाची सारी कामगिरी सामावली आहे. रवींद्रसंगीत आणि आधुनिक बंगाली भावगीत यांवर पोसलेल्या तत्कालीन श्रोत्याला हा प्रकार रुचला नाही. १९८१ मध्ये संच विखुरला. चट्टोपाध्याय चित्रपटाकडे वळले. त्यांच्या ‘नागमती’ (१९८३) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

संचाचे दुसरे पर्व १९९५ मध्ये ‘आबार बछर कुडी परे’ या ध्वनिफितीने सुरू झाले. यात चट्टोपाध्याय यांनी स्वतःला मागे ठेवले. ध्वनिफितीवर ‘महीनेर घोडागुली संपादित’ असे शब्द होते आणि जुन्या-नव्या गाण्यांसाठी तरुण गायक व संच निवडण्यात आले होते. त्यानंतर ‘झरा समयेर गान’, ‘माया’ आणि ‘ख्यापार गान’ हे संग्रह आले. संगीतकाराने संपादक होणे ही भारतीय लोकप्रिय संगीतातील दुर्मिळ घटना होय, आणि गिटारवादनाइतकेच तेही चट्टोपाध्याय यांचे मोठे कार्य मानले पाहिजे. ‘चंद्रबिंदू’ (१९८९), ‘कॅक्टस’ (१९९२) आणि ‘फॉसिल्स’ (१९९८) या संचांमुळे ‘बांग्ला बँड’ हा शब्द घरोघरी पोचला, त्याला अनुकूल वातावरण या चार संग्रहांनी तयार केले. २० जून १९९९ रोजी हृदयविकाराने चट्टोपाध्याय यांचे निधन झाले.

याच १९९५ च्या ध्वनिफितीतील ‘पृथिबीटा नाकि’ या गाण्याची चाल २००६ मध्ये ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटातील ‘भीगी भीगी’ या गीतातून देशभर गेली. संगीत प्रीतम यांचे आणि आवाज बांगलादेशातील रॉक गायक जेम्स यांचा. मुंबई-पुण्यातील असंख्य श्रोत्यांनी ती चाल ऐकली, आवडीने गुणगुणली. मात्र तिचे मूळ घर किती जणांना ठाऊक होते? स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५७ नुसार कृतीवर आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क त्या वेळी केवळ हयात निर्मात्याला होता. त्याच्या वारसांना तो बजावता येत नसे. ही त्रुटी २०१२ च्या दुरुस्तीने दूर झाली.

मोबदल्याचा इतिहासही असाच उशिराचा आहे. पहिली तबकडी निघाली त्याच १९७७ साली, कोलकाता उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता असल्याचा निर्णय दिला. वादकांना तर त्या काळी कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हते. सादरकर्त्याचा हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि १९९५ मध्ये लागू झाला. परिणामी १९७० च्या दशकातील तबकड्यांवर ज्याची गिटार ऐकू येते, त्याला त्या वादनापुरता स्वतंत्र हक्क मिळालाच नाही. गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वधनाचा वाटा कराराने काढून घेता येणार नाही, ही तरतूदही २०१२ चीच.

या विलंबाची झळ कशी लागते, हे संचाचे संस्थापक-सदस्य तापस दास यांच्या अखेरच्या काळात दिसले. फुप्फुसाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या दास यांच्या उपचारांसाठी चाहत्यांना आणि तरुण कलावंतांना निधी उभारावा लागला. पुढे पश्चिम बंगाल सरकारने उपचारांची जबाबदारी घेतली. २५ जून २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांची गाणी महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत सर्रास गायिली जातात, त्यांच्यावर ही वेळ यावी याला केवळ दैव म्हणता येणार नाही.

पुढील मुदती स्पष्ट आहेत. तिन्ही तबकड्यांची ध्वनिमुद्रणे अनुक्रमे २०३७, २०३८ आणि २०३९ अखेर खुली होतील. चट्टोपाध्याय यांच्या स्वतःच्या रचनांवरील हक्क मात्र निधनानंतर साठ वर्षे, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत राहील. संयुक्त रचनांची मुदत शेवटच्या हयात रचनाकाराच्या निधनापासून मोजली जाईल. त्यामुळे कोणत्या गाण्याची चाल कोणाची आणि शब्द कोणाचे, याची नोंद संचाचे उरलेले सदस्य हयात असतानाच पक्की होणे आवश्यक आहे.