सत्तरीनंतर अवघड हत्यार



या सदरात आपण गुडघेदुखीवर बोललो, मिठावर बोललो, झोपेच्या गोळ्यांवरही बोललो. या वेळचा विषय नातवंडांच्या व्हिडिओ गेमचा आहे, त्यातही त्या गेममधल्या एका हत्याराचा. पान उलटू नका. विषय आरोग्याचाच आहे.

माझं मत आधी सांगते. आपलं वय झालं की सगळे आपल्याला सोपं सोपं देतात. डे सेंटरमध्ये रंगवायला फुलांची चित्रं, मोबाईलवर जुळवायला रंगीत गोळ्या, कोडं दिलं तर त्याचं उत्तर खाली उलटं छापलेलं. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण त्यातून एक निरोपही मिळतो, की आता तुम्हाला नवीन काही जमायचं नाही. चाळीस वर्षं वॉर्डात काढल्यावर मला हे पटत नाही. ऑपरेशननंतर ज्या पेशंटला आम्ही दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली उतरवायचो, तो लवकर घरी जायचा. ज्याला घरचे "राहू दे, पडून राहा" म्हणायचे, त्याचे पाय लुळे पडायचे. डोक्याचंही मी तसंच धरते.

माझा नातू 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' नावाचा गेम खेळतो. जपानच्या कॅपकॉम कंपनीची ही मालिका २००४ साली सुरू झाली, हा भाग २०१८ चा. जंगलात जायचं, राक्षसी जनावर शोधायचं, त्याची शिकार करायची. त्यासाठी चौदा प्रकारची हत्यारं आहेत. नातू म्हणाला, "सावता, तू साधी तलवार घे." मी विचारलं, यात सर्वांत कटकटीचं कुठलं? त्याने 'चार्ज ब्लेड' दाखवलं. मी तेच घेतलं.

हे हत्यार रूप बदलतं. एका रूपात एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल. बटण दाबलं की तलवार ढालीत जाऊन बसते आणि दोन्हींची मिळून मोठी कुऱ्हाड होते. तलवारीने वार करत गेलं की हत्यारात शक्ती साठते. पडद्याच्या कोपऱ्यातली खूण आधी पिवळी होते, मग लाल. पिवळी असताना ती शक्ती भरून घेतली तर तीन कुप्या भरतात, लाल झाल्यावर पाच. (गेममध्ये त्यांना 'फायल' म्हणतात. मी सवयीने 'वायल'च म्हणते.) भरायचं सोडून वार करतच राहिलं तर तलवार तापते आणि जनावराच्या अंगावरून उसळून परत येते. आपल्या कुकरसारखंच, शिट्ट्या मोजून गॅस बंद करायचा.

कुप्या भरल्या म्हणजे काम झालं असं नाही. कुऱ्हाडीचा मोठा वार सुरू करायचा आणि मध्येच रोखून ती सगळी शक्ती ढालीत घालायची. मग ढाल लाल होते आणि काही मिनिटं तशी राहते. त्यानंतर पुन्हा तलवार, पुन्हा वार, पुन्हा कुप्या भरणं, आणि मग कुऱ्हाडीने सगळ्या कुप्या एकदम फोडायच्या. हा मोठा वार करताना आपण काही क्षण जागेवरच अडकतो. त्यामुळे तो कधी करायचा हे जनावराकडे बघून ठरवावं लागतं. ते थकून उभं आहे, आपटून पडलं आहे, तेव्हाच.

वाचताना डोकं गरगरलं ना? मलाही पहिल्यांदा तसंच झालं. पण मग मला ड्रेसिंगचा ट्रे आठवला. हात धुणं, ट्रे लावणं, जुनी पट्टी काढणं, पुन्हा हात धुणं. आमच्या सिस्टर ट्यूटर एक पायरी पाठ झाल्याशिवाय दुसरी हातात देत नसत. मी हत्यारही तसंच शिकले. या गेममध्ये सरावाची एक मोकळी जागा आहे, तिथे एक पिंप ठेवलेलं असतं आणि ते उलटून मारत नाही. पहिले तीन आठवडे मी फक्त पिंपाला तलवार मारून कुप्या भरल्या. रोज सकाळच्या चहानंतर वीस मिनिटं. चौथ्या आठवड्यात ढाल. दोन महिन्यांनी पहिल्या शिकारीला गेले आणि ग्रेट जॅग्रास नावाचा मोठा सरडा पाडला. शिकारीत तीनदा बेशुद्ध पडलं की डाव संपतो. बेशुद्ध पडलं की मांजरं आपल्याला हातगाडीवर घालून तळावर आणून टाकतात. ती ज्या पद्धतीने टाकतात, तसं आमच्या वॉर्डबॉयने केलं असतं तर मी त्याला उभाच केला असता!

हात लवकर चालत नाहीत, अशी तुमची शंका असेल. या हत्यारात वेगापेक्षा क्रमाला जास्त किंमत आहे. रूप बदलताना एक क्षण ढाल आपोआप अंगासमोर येते आणि नेमक्या त्याच क्षणी जनावराचा फटका आला तर तो अडतो. पोरं हा क्षण झेलतात. मला ते दहांत दोनदा जमतं, म्हणून मी आधीच ढाल धरून उभी राहते. चालतं.

नर्सला या गेममध्ये आणखी एक गोष्ट आवडेल. जनावराची किती ताकद उरली हे दाखवणारी पट्टी पडद्यावर नसतेच. त्याच्याकडे बघून ओळखायचं. थकलं की लाळ गाळतं, अखेरीला आलं की लंगडत आपल्या घरट्याकडे जातं. मॉनिटर नव्हते त्या काळात आम्ही पेशंट असाच ओळखायचो, श्वासावरून, चालण्यावरून, ओठांच्या रंगावरून.

आता विज्ञान काय म्हणतं ते. वय वाढलं की दोन कामांत लक्ष अदलाबदल करणं जड जातं, हे खरं. २०१३ साली 'नेचर' या नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांचा अभ्यास आला. ६० ते ८५ वयाच्या लोकांना त्यांनी खास बनवलेला गेम दिला होता. गाडी चालवायची आणि त्याच वेळी खुणा ओळखायच्या. महिनाभरात एकूण बारा तास सराव झाल्यावर दोन कामं एकत्र करण्यात ही मंडळी सराव न केलेल्या विशीतल्या मुलांच्या पुढे गेली, आणि सहा महिन्यांनीही ते टिकून होतं. २०१७ साली कॅनडात मॉन्ट्रियलला ५५ ते ७५ वयाच्या लोकांना सहा महिने 'सुपर मारिओ ६४' खेळायला दिला. स्मरणाशी संबंध असलेल्या मेंदूच्या भागात त्यांना वाढ दिसली. पण माणसं थोडीच होती.

म्हणून गेम खेळल्याने विसरभोळेपणाचा आजार टळतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ज्याचा सराव करू ते सुधारतं, बाकीचं आपोआप सुधारेलच असं नाही. अमेरिकेत लुमॉसिटी या मेंदूच्या खेळांच्या कंपनीने असे मोठे दावे केले म्हणून २०१६ साली तिला वीस लाख डॉलर भरावे लागले. रक्तदाब, साखर, चालणं आणि कानाचं मशीन यांची जागा कुठलाही गेम घेत नाही. मी चार्ज ब्लेड शिकायला सांगते ते वेगळ्या कारणासाठी. अवघड गोष्ट आपल्याला येऊ शकते, हे सत्तरीत स्वतःला कळणं फार गरजेचं आहे. ते कळलं की माणूस इन्सुलिनचं नवीन पेनही शिकतो आणि कुपत होलिमचं ॲपही उघडतो. माझ्या ओळखीत असे म्हातारे आहेत, जे "मला नाही जमणार" म्हणत म्हणत घरात बसले आणि मग उठलेच नाहीत.

हत्यार आणि शिकार हे शब्द आपल्याला टोचतात, हे मला ठाऊक आहे. या देशात खरी हत्यारं आपण पुरेशी बघतो. माझा नातू मिलुईमहून परत येतो तेव्हा दोन-दोन दिवस बोलत नाही. त्याला मराठी तोडकंमोडकं येतं, माझं हिब्रू उल्पानच्या पुढे फारसं गेलं नाही. समोर बसवून "काय झालं सांग" म्हटलं तर तो उठून जातो. पण शेजारी बसून दोघांचे हात चालू असले, डोळे पडद्यावर असले, की मधेच एखादं वाक्य निघतं. ड्रेसिंग करताना पेशंटही असेच बोलायचे. त्यांचं तोंड मोकळं व्हावं म्हणून मी मुद्दाम पट्टी हळू बांधायची.

काळजी मात्र घ्या. एका वेळी वीस ते तीस मिनिटं, मग उठून स्वयंपाकघरापर्यंत फेरी, पण उठताना झटकन नाही. मांडीवर उशी ठेवून कंट्रोलर तिच्यावर टेकवा, कारण अंगठ्याच्या मुळाचा सांधा आपल्या बायकांचा लवकर झिजतो. तिथे कळ आली की तो दिवस संपला. खोलीत दिवा लावा आणि लांब बसा, नाहीतर पडदा फिरताना मळमळतं. पडद्याकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे होतात, मोतीबिंदू काढलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. फिट येत असेल किंवा पूर्वी आलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवून शिकार करू नये. आणि शुक्रवारी दिवे लागण्याआधी बंद.

नातवंडांबद्दलही थोडं. खेळ आवरत नाही, अभ्यास, झोप, माणसं सगळं मागे पडलं, नुकसान होतंय तरी सुटत नाही, आणि असं साधारण वर्षभर चाललं आहे, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत जागा दिली आहे. तसं दिसलं तर डॉक्टर गाठा. नुसता तासभर खेळणाऱ्या पोराला आजारी म्हणू नका.

बोटं वळत नसतील तर प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये बटणांच्या जागा बदलता येतात. नातवंडं ते दोन मिनिटांत करून देतात. त्याबद्दल काय मागतील ते ज्याच्या त्याच्या घरावर. माझ्याकडून रोश हशानाला अजून चार महिने असताना चिकाचा हलवा वसूल झाला.