कडी बाहेरून होती तेव्हा

१९८९ सालचा श्रावण. नवी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात धाकट्या भावाला आम्ही बाहेरून कडी घालून कोंडले होते. तीन रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. रेडिओतून आपल्याच नावाने कुजबुज येते, असे तो सांगे. शेजाऱ्यांनी 'बाहेरचे' असल्याचे सुचवले. आई अंगारा घेऊन आली. मी बँकेतला अधिकारी, लोकांचे तारण तपासणारा. पण घरात काय करावे, ते मला उमजेना.

चौथ्या दिवशी आमचे नेहमीचे डॉक्टर आले. त्यांनी आधी कडी काढायला लावली. भावाजवळ जमिनीवर बसून तासभर त्याचे ऐकले. हात धरण्यापूर्वी त्याला विचारले, मग इंजेक्शन दिले. आम्हाला म्हणाले, "त्याच्याशी वाद घालू नका, खोटे 'हो'ही म्हणू नका. विळी, रॉकेल, औषधे उचलून ठेवा. आळीपाळीने जागा." पुढे मानसोपचारतज्ज्ञांची औषधे सुरू झाली आणि भाऊ सावरला.

तीस वर्षांनी पारडे फिरले. निवृत्तीनंतर मला नैराश्याने घेरले. जगणे नकोसे झाले होते. स्वयंपाकघरातली पाहुण्यांची कुजबुज मला बोचे. भाऊ मात्र माझ्या गोळ्या स्वतःकडे ठेवून रात्रभर उशाशी बसे. "दादा, बोलू नकोस. मी आहे," एवढेच म्हणे. दार त्याने उघडेच ठेवले होते. कोंडल्यावर त्याला काय वाटले असेल, ते मला तेव्हा कळले.

म्हणून हा विषय केवळ औषधांचा नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, तर त्याच्या ९४ व्या कलमानुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर रुग्णालयाबाहेरही तातडीचे उपचार करू शकतो. त्याला मर्यादा ७२ तासांची. रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी उपलब्ध असेल, तर त्याची संमती हवी. साखळीने बांधण्यास याच कायद्याने बंदी आहे. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा साखळदंडातले २८ रुग्ण पळू न शकल्याने गेले. तो धडा फार महाग पडला.

कायदा झाला, पण रात्री दोन वाजता जिना चढून येणारे पाय कुठे आहेत? राज्यातली जुनी चार सरकारी मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू झाला, ही चांगली गोष्ट. तरी फोनवरचा धीर आणि उशाशी बसलेला माणूस यांत अंतर राहतेच. जिल्हा रुग्णालयातून डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांचे फिरते पथक का असू नये? बाळंतपणासाठी गाडी दारात येते. मग मनाच्या कळांसाठी का नाही?

घरचा उपचार म्हणजे सारे घरावर ढकलणे, असेही होता कामा नये. बहुतेक घरांत जागरण बाईच्याच वाट्याला येते. जीव धोक्यात दिसला, तर रुग्णालय गाठायलाच हवे. त्यात कमीपणा नाही.

तोवर एवढे करा. फोनच्या वहीत गॅसवाल्याच्या नंबराशेजारी डॉक्टरांचा आणि १४४१६ हा क्रमांक लिहा. सगळे ठीक असतानाच एकमेकांना विचारा, 'तसे झाले तर तुझ्याजवळ कोणी बसावे?' आमच्या घरात दोघांनी एकमेकांचे नाव लिहिले आहे.