खिरणी राखा

डहाणू तालुक्यांतील घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही आपणां सर्वांस भूषणावह गोष्ट होय. परंतु कालीपत्तीचें कलम ज्या खिरणीच्या खुंटावर बांधतात, ती बांधावर आडवी आली कीं तिच्यावर कुऱ्हाड पडते. सात-बारावर चिकूची बाग चढते. एकाकी खिरणीस कोण विचारतो? ही सदाहरित, काटक झाडाची जात फार सावकाश वाढते. बीं रुजल्यावर खुंट कलमाजोगा होण्यास दोन वर्षें सहज जातात. जुनीं झाडें गेल्यावर बीं आणावयाचें कोठून? सबब आमचें मत असें कीं, डहाणू-तलासरीच्या प्रत्येक बागाईतदारानें बांधावर निदान दोन खिरण्या राखाव्या व ताज्या बियांचीं रोपें घरींच करावीं. परक्या रोपाच्या मुळाची हमी कोण देणार?